निर्दोष भागांची बंदूक

जालना जिल्ह्यात मक्याला कणसे धरू लागली म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. चार महिन्यांच्या कष्टाने उभे राहिलेले पीक रानडुकरांचा कळप एका रात्रीत आडवे करितो. तेथून वाचले तर रोही येऊन खातात. अशा वेळी एखादा हुशार तरुण म्हणतो, "नळी बाजारात मिळेल, दस्ता सुतार करून देईल, कमान व घोडा लोहार घडवील. मी घरीच बंदूक जोडीन." असे म्हणणाऱ्यास दुष्ट समजणे अन्यायाचे होईल. तो आपल्या लेकरांचे अन्न राखू पाहत आहे.

त्याचा युक्तिवाद असा: नळीतून पाणीही वाहते, लाकडाचा नांगरही होतो, कमान यंत्रातही असते. यांपैकी कोणता भाग पापी आहे? उत्तर सरळ आहे: कोणताही नाही. जालन्याच्या कारखान्यांत जुने लोखंड वितळवून घरांसाठी सळया करितात. त्याच लोखंडाचे शस्त्रही होऊ शकते. परंतु निवड करणाऱ्याचे मन लोखंडासारखे मुके नसते. नळी हाती घेऊन "हिच्यातून पाणी किती जाईल?" असे न विचारता "ही स्फोट सोसील काय?" असे ज्याने विचारिले, त्याने हेतू तेथेच ठरविला. भाग निर्दोष असले तरी जोडणारा हेतूस उत्तरदायी आहे.

कायद्याचेही म्हणणे असेच आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तिचे भागही येतात. परवान्यावाचून बंदूक बनविणाऱ्यास, 2019 च्या दुरुस्तीनंतर, निदान 7 वर्षांची आणि अधिकात अधिक जन्मठेपेची शिक्षा आहे. तथापि केवळ तुरुंगाच्या भयाने आवरलेला हात भय सरताच पुन्हा पुढे होतो. म्हणून खरे कारण पाहिले पाहिजे.

रीतसर बनविलेली बंदूक विकण्यापूर्वी तिच्या नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार उडवून तिची परीक्षा घेतात. घरच्या नळीची पहिली परीक्षा मात्र करणाऱ्याच्याच गालाजवळ होते. शिवाय काळोखात जे हलते ते डुकरच असते असे नाही. शेजारच्या मळ्यावरही कोणी जागलीस बसलेला असतो. सुटलेली गोळी परत बोलाविता येत नाही. आणि अनर्थ घडल्यावर सुतार म्हणेल, "मी केवळ लाकूड दिले", लोहार म्हणेल, "मी केवळ कमान दिली." प्रत्येकाचे म्हणणे खरे, आणि तरीही एक घर उजाड झालेले असेल. दोष वाटून घेतल्याने कमी होत नाही.

मग गरिबाने उपाशी मरावे काय? मुळीच नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 11 प्रमाणे उभ्या पिकास घातक झालेल्या काही प्राण्यांविषयी अधिकारी लेखी अनुमती देऊ शकतात. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे भरपाई मागता येते. कोणी म्हणेल, अर्ज कचेरीत पडून राहतो, डुकर मात्र थांबत नाही. हे म्हणणे खोटे नाही. पण या विलंबाचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे हाच आपला दोष आहे. गावात ज्यास लिहिता येते त्याने शेजाऱ्याचा अर्ज लिहावा व त्याचा पाठपुरावा करावा. ज्यांचे मळे लागून आहेत त्यांनी पाळीपाळीने जागल करावी. शेजारी आपल्या पिकासाठी जागत आहे, असे ज्यास ठाऊक असते, त्यास चोरून नळी शोधीत फिरण्याची गरज पडत नाही. ज्या तरुणास आपण "बंदूक करू नकोस" म्हणतो, त्याच्या बांधावर आपण एक रात्र तरी बसलो आहोत काय?