पोहोचेल का, आणि नाही पोहोचला तर

कलकत्ता लीगच्या सामन्यांना हल्ली मोठ्या क्लबांचे मोठे खेळाडू नसतात. मोहनबागान काय आणि ईस्ट बंगाल काय, दोघेही तिथे राखीव संघ उतरवतात. अठरा, वीस, बावीस वर्षांची मुलं. नावाजलेले पाय ज्यांना बघायचे असतील ते हिवाळ्यात सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर जातात. ऐन जुलैत छत्री घेऊन मैदानावर, नाहीतर लोकल पकडून नैहाटीला किंवा कल्याणीला जे जातात, त्यांना निकालाची फारशी पडलेली नसते. पुढची चार वर्षं आजच डोळ्यांनी बघता आली तर त्यांना हवी असतात. मी त्यांच्यातली एक.

मूळची मी कोल्हापूरची. वडील पाटाकडील तालमीचे, मामा दिलबहारचे. त्यामुळे सामन्याच्या दिवशी आमच्या घरात चुलीपाशी एक बोलणं आणि सोप्यात दुसरं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून वडील सांगायचे, चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सगळेच बघतात, तू ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे बघ. लग्न होऊन कोलकात्याला आले आणि फुटबॉलवर असाच जीव टाकणारं दुसरं गाव मला मिळालं. खालच्या मजल्यावरचे दादा कट्टर मोहनबागानी, माझा मुलगा ईस्ट बंगालचा. दोघांच्या मधे मी बसते. दादा मला बौदी म्हणतात आणि गॅलरीतली पोरं माशीमा.

हाफटाइमला लेबू चा आणि घुगनी फिरते आणि पारख सुरू होते. कुणाचा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता आहे. कोण चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघतो. कुणाचा पहिला टच दोन हात लांब जातो. कुणाची उंची सेंटर बॅकला कमी पडेल, कुणाचा दम सत्तराव्या मिनिटाला संपतो. मग एकेकाच्या नावापुढे निकाल लागतो. ‘एर होबे’, याचं होणार. किंवा ‘होबे ना’. संपलं.

या पारखीला मी कमी लेखत नाही. इथल्या गॅलरीत बसणाऱ्या माणसाची नजर पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेली आहे. चुनी गोस्वामी १९४६ साली, आठ वर्षांचा असताना, मोहनबागानच्या मुलांच्या संघात आला आणि १९६२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्णपदक जिंकलं. आठ वर्षांच्या पोरात कुणाला तरी काही दिसलं होतं. बायचुंग भूतिया सिक्कीमहून ईस्ट बंगालकडे आला तो १९९३ मध्ये, सोळा वर्षांचा. १३ जुलै १९९७ला फेडरेशन कपच्या उपान्त्य सामन्यात सॉल्ट लेकवर लाखाहून जास्त माणसांपुढे त्यानं मोहनबागानवर तीन गोल चढवले. त्या संध्याकाळी ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणणारे या शहरात किती असतील! आणि त्यातले बरेच खरंच म्हणालेले असणार.

पण त्याच स्टेडियमवर दुसरंही घडलेलं आहे. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. २५ तारखेला उपान्त्य सामन्यात इंग्लंडच्या रिआन ब्रूस्टरनं ब्राझीलला एकट्यानं तीन गोल मारले. स्पर्धेत सर्वांत जास्त गोल त्याचेच, आठ. त्या रात्री गॅलरीला विचारलं असतं की या पोरांमधून जगात कोण गाजेल, तर बहुतेकांनी त्याचंच नाव घेतलं असतं. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात इंग्लंडनं स्पेनला ५-२ असं हरवलं आणि त्यातले दोन गोल फिल फोडेनचे. पुढे फोडेन मँचेस्टर सिटीकडून सगळं काही जिंकला. ब्रूस्टरच्या वाट्याला दुखापती आल्या. दोघं एकाच वयाचे, एकाच संघातले, एकाच गवतावर धावलेले.

भारताच्या त्या वर्षीच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. माझ्या भावानं फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता, जणू घरातल्याच पोराची निवड झाली. भारताचा त्या स्पर्धेतला एकुलता एक गोल जॅक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध दिल्लीत. जॅक्सन आता ईस्ट बंगालमध्ये आहे. अनिकेत आयएसएलमध्ये जमशेदपूरकडून खेळला, हैदराबादकडून खेळला. बाकीच्यांतली काही नावं आता मला आठवून काढावी लागतात, आणि ती आठवावी लागतात हे मला खुपतं. त्या मुलांनी काही वाईट केलं नव्हतं. आम्हीच त्यांच्यावर एक भविष्य लादलं, आणि ते आलं नाही तेव्हा नजर दुसरीकडे वळवली.

कियान नासिरीचं घ्या. २९ जानेवारी २०२२, कोविडमुळे प्रेक्षक नसलेलं फातोर्ड्याचं स्टेडियम, मोहनबागान-ईस्ट बंगाल डर्बी. एकवीस वर्षांचा कियान बदली खेळाडू म्हणून आला आणि त्यानं ईस्ट बंगालला तीन गोल मारले. वडील जमशिद नासिरी त्याच ईस्ट बंगालचे लाडके. दादांनी त्या रात्री आख्ख्या इमारतीला मिठाई वाटली. पण त्या तीन गोलांचं ओझं पुढे प्रत्येक सामन्यात त्याच्या पाठीवर आलं. रोज डर्बी नसते. गोल नाही झाला की लोक म्हणायचे, तो एक दिवस होता, झालं. एकवीस वर्षांच्या मुलाला त्याच्याच सर्वांत चांगल्या दिवसानं आम्ही मोजत होतो. हे मला क्रूर वाटलं.

आपल्याकडे पारखीची एक गोष्ट आहे. तेरच्या गोरोबाकाकांना मुक्ताबाईनं सांगितलं, काका, ही सगळी मडकी जमली आहेत, बघा बरं कोणतं कच्चं. गोरोबा उठले आणि थापटण्यानं एकेका संताच्या डोक्यावर ठोकत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं. लहानपणी मला या गोष्टीत नामदेवांची फजिती दिसायची. आता दोन गोष्टी दिसतात. एक, ठोकणारा स्वतः कुंभार होता, आयुष्य चिखलात गेलेला. त्याच्या हातात थापटणं आलं ते हक्कानं आलं. दुसरी याहून मोठी. कच्चं म्हणजे टाकाऊ असं कुणी म्हटलं नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, आणि पुढे पंजाबापर्यंत पोहोचले. कुंभार कच्चं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भट्टी असते. गॅलरी ‘होबे ना’ म्हणते तेव्हा तिच्या मनात कोणती भट्टी असते?

मागच्या पावसाळ्यातला एक सामना. चिखल असा की चेंडू पडला की रुतायचा. एका मोठ्या क्लबच्या राखीव संघातला लेफ्ट बॅक, सडपातळ, गुडघ्याला पांढरी पट्टी. लांबून आलेला साधा पास अडवायला त्यानं पाय टाकला, पाय सरकला, चेंडू खालून गेला आणि गोल. आमच्या मागून लगेच आलं, होबे ना. मग सगळ्यांच्या नजरा पलीकडच्या विंगरकडे गेल्या, त्याच्याबद्दल बरं बोललं जात होतं. मी वडिलांचं ऐकून त्या पोराकडेच बघत राहिले. त्यानं तोंडावरचा चिखल बाहीनं पुसला. गोलकीपर चेंडू मांडत होता तेव्हा हात वर करून त्यानं चेंडू मागितला. मिळाला नाही. पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा मिळाला, त्यानं साध्या, आखूड पासनं तो मिडफिल्डला दिला आणि लगेच पुढे धावला, परत घ्यायला. ज्या पोरानं आत्ताच सगळ्यांसमोर माती खाल्ली आहे त्यानं पुन्हा चेंडू मागणं, याला काय म्हणायचं? मी याला धर्म म्हणते. आणि ते पूर्ण होतं. त्याला पुढे कोणता करार मिळतो यावर त्याची किंमत ठरत नाही.

स्वामी विवेकानंदांनी मद्रासच्या तरुणांना सांगितलं होतं की गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉल तुम्हाला स्वर्गाच्या जास्त जवळ नेईल. सॉल्ट लेकच्या स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. मी मात्र मैदानावरून घरी येते आणि गीता उघडते, कारण माझा प्रश्न तिथे अर्जुनानंच विचारून ठेवला आहे. सहाव्या अध्यायात कृष्ण त्याला योगाची वाट सांगतो, आणि अर्जुनाला भलतीच काळजी लागते: ज्यानं श्रद्धेनं सुरुवात केली पण जो पोहोचला नाही, त्याचं काय? इकडचं सुटलं, तिकडचं मिळालं नाही. फाटलेल्या ढगासारखा तो मध्येच विरून जातो का? पोहोचणाऱ्याबद्दल कुणीही विचारतं. न पोहोचणाऱ्याबद्दल विचारणारा अर्जुन मला इथे सर्वांत जवळचा वाटतो. कृष्णही त्याला इथे बापाच्या मायेनं हाक मारतो आणि सांगतो, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, इथेही नाही आणि पलीकडेही नाही. तो पुन्हा जन्मतो, आणि जिथे सोडलं तिथून पुढे चालू लागतो. ज्ञानेश्वर या ठिकाणी फार रंगतात. बालपणीच ज्याला सर्वज्ञता माळ घालते अशा मुलाचं ते वर्णन करतात, आणि वारकरी म्हणतात की माउली इथे स्वतःचंच सांगून गेली.

पुढच्या जन्माच्या या भरवशानं कोलकात्यात एक जीव घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९७५, आयएफए शील्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहनबागान ०. त्यानंतर मोहनबागानच्या एका तरुण चाहत्यानं स्वतःला संपवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की पुढच्या जन्मी मोहनबागानचा चांगला खेळाडू होऊन याचा बदला घेईन. दादा हे सांगताना अजूनही शब्दाशब्दाला थांबतात. मला त्या मुलाच्या श्रद्धेवर बोलायचा अधिकार नाही. पण त्यानं सहाव्या अध्यायातलं अर्धंच उत्तर उचललं असं मला वाटतं. कृष्ण आधी ‘इथेही नाही’ म्हणाला आहे, ‘पलीकडे’ त्यानंतर आलं. जो चालायला लागला त्याचं इथे, याच जन्मात, वाईट होणार नाही, असा तो शब्द आहे. आणि देवानं दिलेला असा शब्द माणसांनीच पाळायचा असतो. दुसरं कोण पाळणार?

हे शहर एके काळी तो पाळत होतं. पी. के. बॅनर्जी खेळाडू म्हणून मोहनबागानकडूनही खेळला नाही आणि ईस्ट बंगालकडूनही नाही. आमच्या गॅलरीच्या मोजपट्टीनं तो ‘पोहोचलाच नाही’. तो ईस्टर्न रेल्वेत नोकरीला होता आणि रेल्वेच्याच संघातून खेळला. १९५८ साली त्या संघानं तीन मोठ्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो भारताचा कर्णधार होता आणि फ्रान्सशी झालेल्या बरोबरीतला आपला गोल त्याचाच. रेल्वे, बंदर, बँका यांचे संघ होते म्हणून मधल्या फळीतल्या मुलाला सकाळी सराव आणि महिनाअखेर पगार मिळायचा. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. योगभ्रष्टासाठी, म्हणजे अर्जुनाच्या त्या न पोहोचलेल्यासाठी, याहून चांगली सोय मला सुचत नाही. तो आधार आता आटत चालला आहे, आणि आम्ही मात्र आणखी लहान वयात आणखी लवकर निकाल लावायला शिकलो आहोत.

दादांना हे पटत नाही. ते म्हणतात, बौदी, मैदानावर अकराच उतरतात, निवड करावीच लागते. बरोबर आहे. पण ती प्रशिक्षकानं करायची. तो त्या मुलाला कारण सांगतो, सोमवारी पुन्हा सरावाला बोलावतो, पुढच्या आठवड्यात मत बदलतो. आपल्याला अकरा निवडायचे नाहीत, म्हणून आपल्याला घाई नाही. आपल्याकडे नेमकं तेच आहे जे प्रशिक्षकाकडे नसतं, वेळ. तो आपण वाचवून कशासाठी ठेवतो? याचं होईल का, हे अवश्य विचारू या. मला त्यात खूप आनंद आहे आणि मी तो सोडणार नाही. फक्त त्याच दमात दुसरंही विचारू या: नाही झालं तर हा काय करील?

त्या लेफ्ट बॅकबद्दल मी हे गॅलरीत मोठ्यानं विचारलं. आधी कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतला एक जण म्हणाला की हा आमच्याच पाड्यातला, वडील जूट मिलमध्ये होते, मिल वर्षातून कितीदा बंद असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सरावापायी पोराची बारावी राहिली. दुसरा म्हणाला, रवींद्र मुक्त विद्यालयातून देता येते की, खेळ सांभाळून. तिसऱ्यानं रेल्वेच्या चाचण्यांचं काढलं, तिथे बारावीचा उपयोग होतो म्हणाला. त्यावर वाद झाला, आवाज चढले, खेळावरून चढतात तसेच. दादा एवढा वेळ गप्प होते. ते मागे वळले आणि त्या पाड्यातल्या माणसाला त्यांनी विचारलं, फॉर्म कधी निघतात, आणि तो घरी कधी सापडतो?