ओठांची शिस्त आणि मनाची शिस्त

गोकुळाष्टमी जवळ आली की आपल्या जोयडा तालुक्यात पोरांच्या हाती बांबूच्या नळ्या दिसू लागतात. काळी नदीच्या खोऱ्यातील हे बांबूचे रान. जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी रान आणि रानाची हौस उरली आहे. या नळ्यांवरून मनात आलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, असे योजिले आहे. साधनेत बाहेरच्या आसनाला आणि ठेवणीला महत्त्व किती?

बासरी हे या प्रश्नासाठी उत्तम उदाहरण होय. भरतमुनींनी वाद्यांचे जे चार वर्ग केले, त्यांतील सुषिर वर्गात ती मोडते. तिला ना तार, ना पडदा, ना जिभळी. वादकाच्या दोन ओठांमधील बारीक फट हेच तिचे अर्धे अंग. त्या फटीतून निघालेली फुंकर तोंडाच्या छिद्राच्या पलीकडील काठावर जाऊन आदळते, तेथे आतबाहेर डोलू लागते आणि नळीतील हवा कंप पावते. खालच्या ओठाने छिद्र अधिक झाकले, तर स्वर किंचित उतरतो. बासरी थोडी बाहेर वळविली, तर चढतो. नवशिका स्वर निघेना म्हणून गाल फुगवून जोराने फुंकतो आणि त्यास घेरी येते. स्वर मात्र येत नाही. कारण उणीव जोराची नसते, दिशेची असते. तार सप्तकासाठीसुद्धा ओठांची फट लहान करून फुंकरीस वेग द्यावा लागतो.

शरीराचेही तसेच. पाठीचा कणा ताठ, खांदे सैल, मान फार न कललेली, असे बसल्याखेरीज श्वास पोटापर्यंत पोहोचत नाही. पंडित पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी सुमारे बत्तीस इंचांची मोठी बासरी रागदारीच्या मैफलीत आणली. एवढ्या बासरीवर छिद्रे दूरदूर असतात; म्हणून बोटांची टोके न वापरता मधली पेरे सपाट टेकवावी लागतात. ही शिस्त कोणी हौसेने लादलेली नाही. ती स्वरानेच मागितलेली आहे.

येथे मला माझ्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा एक पुतण्या उत्सवात वाजविण्यासाठी बासरी शिकत होता. तो डावखुरा, बासरी डाव्या अंगास धरी आणि स्वर गोड काढी. मला ते खटकले. देवाच्या बहुतेक मूर्तींत बासरी उजव्या अंगास असते, म्हणून मी त्यास बाजू बदलावयास लावली. “काका, या बाजूने माझा ओठ बसत नाही,” असे तो म्हणाला. “देव धरतो तशी धर,” एवढेच मी उत्तरलो. उत्सवाच्या दिवशी त्याच्या बासरीतून नुसता वारा निघाला. लोक दयेने गप्प राहिले. त्याने बासरी माळ्यावर टाकली, ती पुन्हा उतरविली नाही.

पुढे पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याविषयी वाचनात आले, तेव्हा मी अधिकच अंतर्मुख झालो. ते उजव्या अंगास बासरी धरून वाजवीत. आकाशवाणीवर नोकरी करणारे मुरलेले वादक होते. मुंबईत ते अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले, तेव्हा पूर्वीचे सारे विसरून नव्याने आरंभ करण्याची तयारी दाखविण्यासाठी त्यांनी बासरी डाव्या अंगास धरली. तेव्हापासून ती तशीच राहिली. म्हणजे मी ज्या बाजूवरून एका मुलास दुखविले, तीच बाजू एका थोर कलावंताने आपण होऊन स्वीकारली. आणि बासरीस तरी काय? तिची छिद्रे एका ओळीत. ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाजते.

यावर कोणी विचारील, की चौरसियांचा बदलही स्वराने मागितला नव्हता. मग तो थोर आणि तुमचा हट्ट वाईट, हे कसे? उत्तर सरळ आहे. त्यांनी ते कष्ट स्वतःवर घेतले, मी ते दुसऱ्यावर घातले. स्वतः घेतलेल्या अडचणीस तप म्हणतात. लहानावर लादलेली तीच अडचण केवळ ओझे होते.

म्हणून मला वाटते, शिस्तीचे दोन प्रकार ओळखावेत. एक स्वराची, दुसरी रूढीची. पहिलीतून कोणासही सूट नाही; देवळातला पोरगा असो की मोठा पंडित, ओठ चुकला की स्वर चुकला. दुसरी ज्याने त्याने प्रेमाने पाळावी, पण तिच्यापायी कोणाचा स्वर बंद पाडू नये. पूजेत, पंगतीत, भजनात आपण मुलांस रोज काही ना काही नीट करावयास सांगतो. सांगण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे: हे स्वरासाठी, की माझ्या डोळ्यांच्या सवयीसाठी?

मागे एकदा मी त्या पुतण्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “काका, आता ओठ कसे धरायचे, तेच आठवत नाही.” यंदा अष्टमीला जो कोणी मुलगा बासरी घेऊन पुढे येईल, तो ती कोणत्याही अंगास धरो, मी आधी डोळे मिटून ऐकणार आहे.