एटीपी वाढलं की वेग वाढतो म्हणे!

बसा. आणि ते पेपर खाली ठेवा, पुन्हा पुन्हा मोजून मार्क वाढणार नाहीत. बेरीज मी तपासलेली आहे.

प्रश्न काय होता? ग्लुकोजच्या विघटनावर पेशी नियंत्रण कसं ठेवते. नियंत्रण! आणि निम्म्याहून जास्त वर्गाने मला ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांची जंत्री लिहून दिली. घडाघडा, बाणांसकट. शेवटी एक ओळ चिकटवून दिलीत, 'ही प्रक्रिया एन्झाइम्सद्वारे नियंत्रित होते.' कोणत्या एन्झाइमद्वारे? कशाच्या इशाऱ्यावर? पत्ता नाही. गाईडमध्ये नव्हतं वाटतं.

ज्यांनी डोकं चालवलं त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. 'एटीपी हे फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचं सब्स्ट्रेट आहे, म्हणून एटीपी वाढलं की वेग वाढतो.' एकाच बाकावरच्या तिघांच्या पेपरात हे वाक्य, त्याच स्वल्पविरामासकट. कॉपीचं नंतर बघतो. आधी वाक्याचं बघू.

घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर कोणी नवा कुकर चढवतं का? मग एटीपीने भरलेली पेशी साखर कशाला फोडत बसेल? त्या एन्झाइमवर एटीपीला बसायला दोन जागा आहेत, हे मी या फळ्यावर काढून दाखवलं होतं. एक कामाची, जिथून फॉस्फेट दिला जातो. दुसरी बाजूची, ॲलोस्टेरिक. एटीपी मुबलक झालं की ते त्या दुसऱ्या जागी बसतं, आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेटला धरून ठेवण्याची एन्झाइमची ताकद घटते. सायट्रेट वाढलं की हा लगाम आणखी आवळला जातो. आणि एएमपी आलं की तोच सैल पडतो.

एएमपीच का, हे एकानेही लिहिलं नाही. लिहा आता. समजा, पेशीत एटीपी 5 मिलिमोलर आहे आणि एएमपी 0.1. स्नायूने काम केलं, एटीपी 4.5 वर आलं. घट फक्त दहा टक्के. पण ॲडेनिलेट कायनेज दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी करतं, त्यामुळे एएमपी जातं 0.6 च्या आसपास. सहापट! दहा टक्क्यांची घट कळायला अवघड, सहापट वाढ कशी लपेल? एवढं साधं गणित आहे, आणि म्हणे बायोकेमिस्ट्रीत गणित नसतं!

'हेक्झोकायनेज पहिलं, म्हणून मुख्य नियंत्रण तिथेच', हेही बऱ्याच जणांनी ठोकून दिलंय. ग्लुकोज-6-फॉस्फेटला ग्लायकोजेनकडे जाता येतं, पेंटोज फॉस्फेटच्या वाटेलाही लागता येतं. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजची पायरी ओलांडली की मात्र ग्लायकोलिसिसमध्येच पुढे जायचं. फाटक तिथे आहे.

यकृताबद्दल तर सगळीकडे आनंदीआनंद. 'इन्सुलिन नियंत्रण करते', संपलं उत्तर. उपाशी माणसाच्या यकृताने मेंदूसाठी ग्लुकोज बनवायचं, की स्वतःच फोडून खायचं? ग्लुकॅगॉन आलं की तिथलं फ्रुक्टोज-2,6-बिसफॉस्फेट घटतं, आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज मंदावतं. हा रेणू सापडला 1980 मध्ये. म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या वेळचा शोध, आणि तुमच्या उत्तरात अजून पोचलेला नाही! पाश्चरने 1861 मध्ये नोंदवून ठेवलं की हवा मिळाली की यीस्ट साखर कमी खातं. त्याच्याकडे यातलं एकही एन्झाइम नव्हतं. प्रश्न मात्र नीट पडला होता.

उद्या येताना एक उत्तर आणायचं. तारुई रोग, स्नायूंतलं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज जन्मतःच निकामी. अशा रुग्णाच्या स्नायूंत ग्लायकोजेन का साठतं, आणि थोडे कष्ट पडले की पेटके का येतात? अर्धं पान पुरे. दहा पायऱ्या लिहिलेल्या दिसल्या, तर वही खिडकीतून बाहेर. आणि ते तिघं स्वल्पविरामवाले, तास संपल्यावर थांबायचं.