जामीनदार

बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसापेक्षा त्याच्याबरोबर जामीन राहायला आलेल्या माणसाकडे मी जास्त निरखून पाहतो. कर्जदार हसतमुख असतो. का नसणार? त्याला पैसे मिळणार असतात. जामीनदाराच्या चेहऱ्यावर मात्र, व्याह्यांच्या घरी जेवताना आमटीत केस सापडलेल्या माणसाचा भाव असतो. बोलताही येत नाही आणि गिळवतही नाही. 'मेव्हण्यानं सांगितलं म्हणून आलो,' असं काहीतरी पुटपुटतो आणि सही करतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं १२८ वं कलम मी बी.कॉम.ला पाठ केलं होतं. पाच मार्कांना हमखास येतं म्हणून. त्याचा अर्थ मला कळला तो फार उशिरा, आणि तोही कर्जापायी नव्हे, क्रिकेटच्या पुस्तकांपायी.

आमच्या शाखेत डबा खायला चौघं एकत्र बसतात. हेड कॅशियर नाना, लोन सेक्शनचा पोरगा, युनियनचे सेक्रेटरी आणि मी. पहिल्या तिघांत मला धरून मोजलं तर आम्हाला क्रिकेटचं वेड आहे. सेक्रेटरींना वादाचं. ज्या लोखंडी कपाटात पूर्वी लेजरं असायची, त्याच्या खालच्या कप्प्यात आमची लायब्ररी आहे. कॉम्प्युटर आल्यापासून त्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही, ऑडिटरसुद्धा नाही.

क्रिकेटवेड्याने पुस्तकाची शिफारस करणं हा प्रकार साहित्यप्रेमींच्या शिफारशीहून अगदी निराळा असतो. साहित्यप्रेमी 'अवश्य वाचा' म्हणतो, लेखकाच्या जाणिवा वगैरे समजावून सांगतो आणि पुस्तक देत नाही. आमचा माणूस पुस्तक हातात कोंबतो आणि एवढंच म्हणतो, 'पान एकशे चाळीस!' त्या पानावर ओव्हल असतं, साल १९७१ असतं, आणि चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी घेत असतो. बाकीची पानं ते पान सुटून जाऊ नये म्हणून बांधलेली. गावसकरांचं 'सनी डेज' १९७६ चं. आमच्याकडची प्रत इतक्या हातांतून फिरली आहे की टेबलावर नुसती ठेवली तरी आपोआप वेस्ट इंडीजच्या दौऱ्यापाशी उघडते. चार कसोटींतल्या त्या ७७४ धावांवर किमान तीन प्रकारच्या आमट्यांचे डाग आहेत.

दिलेलं पुस्तक परत येईलच असं नाही, हे सांगायला नको. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आम्ही कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लावतो. पुस्तकाला मी शंभर देतो. पुस्तकप्रेमी माणसाने रिझर्व्ह बँकेपेक्षा थोडं उदार असावं.

सेक्रेटरींनी आयुष्यात एकच पुस्तक सुचवलं, आणि ते आमच्या सगळ्यांच्या पुस्तकांपेक्षा सरस निघालं. 'बियाँड अ बाउंडरी', १९६३ चं. लेखक त्रिनिदादचा सी. एल. आर. जेम्स. "मार्क्सवादी माणूस आहे," सेक्रेटरी म्हणाले. "फ्रँक वॉरेलला कर्णधार करा म्हणून यानं रान उठवलं, आणि व्हावं लागलं! नाहीतर आपण. मागण्यांची यादी दोन वर्षं टेबलावर पडलीय." त्यांनी तेवढंच प्रकरण वाचलं होतं. मी व्यवस्थापनाशी लढण्याची तयारी करावी म्हणून पुस्तक घरी नेलं आणि रात्री दोनपर्यंत क्रिकेट वाचत बसलो. हिने उठून दिवा बंद केला नसता तर सकाळ झाली असती. आपण काय सुचवतोय हे सुचवणाऱ्याला माहीत असायलाच हवं असं नाही, असं मी तेव्हा या अनुभवावरून ठरवून टाकलं. घाईच केली.

नानांनी मला कार्डस दिला तो मी नोकरीला लागलो त्या वर्षी. सर नेव्हिल कार्डस, 'मँचेस्टर गार्डियन'चा क्रिकेटचा बातमीदार. संगीतावरही लिहायचा. त्याच्या १९४७ च्या आत्मचरित्रात त्याच्या लग्नाची गोष्ट आहे. लँकेशायरचे मेकपीस आणि हॅलोज सलामीला उतरलेले पाहून हा मैदानातून निघाला, जाऊन लग्न लावून आला, आणि परत येऊन बघतो तो धावा वाढल्या होत्या सतरा. मेकपीस पाच, हॅलोज अकरा आणि एक लेगबाय. मी तिथल्या तिथे बेरीज केली. पाच अधिक अकरा अधिक एक. जुळली! ज्या माणसाची लग्नाच्या दिवशीसुद्धा टॅली जुळते, त्याच्यावर बँकेतल्या माणसाने विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? माझ्या लग्नात तर जेवणाऱ्या पानांचा हिशेब अजून लागलेला नाही.

मग मी कार्डससाठी जामीन राहत सुटलो. मेव्हण्याला दिला. मुदत ठेव बदलायला आलेल्या एका पेन्शनर गृहस्थांना दिला. लोनच्या पोराला तर बळेच वाचायला लावला. यॉर्कशायरचा एमट रॉबिन्सन, ऱ्होड्स, ही माणसं त्या पुस्तकांतून अशी काही बोलतात की आपल्या पारावरचे म्हातारे आठवावेत. मी त्यांची वाक्यं डबा खाताना अभिनयासकट म्हणून दाखवायचो.

गेल्या वर्षी एके दुपारी लोनचा पोरगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, तुमच्या कार्डसनं थापा मारल्यात की." मी घास तसाच हातात धरून वाचलं. खेळाडूंच्या तोंडची ती वाक्यं पुष्कळशी कार्डसने स्वतः रचलेली होती. हा कुणा दुष्मनाचा आरोप नव्हता, त्याचीच कबुली होती. त्याचं म्हणणं असं, की माणसं तसं बोलली नसतील, पण त्यांच्या स्वभावाला ते शोभणारं होतं, आणि वस्तुस्थितीच्या वर आणखी एक सत्य असतं.

आमच्या धंद्यात वस्तुस्थितीच्या वर फक्त मॅनेजर असतो.

मी तडक कॅशच्या पिंजऱ्यात गेलो. नाना नोटा मोजत होते. मी सगळं सांगितलं. बोटं न थांबवता ते म्हणाले, "माहीत आहे की."

"कधीपासून?"

"तुला पुस्तक दिलं त्याच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर वाचलं असतंस?"

नानांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पस्तीस वर्षं हा माणूस खोटी नोट बोटाने ओळखतो. आणि नोट खोटी निघाली की ती द्यायला आलेला माणूस कितीही गरीब, कितीही निष्पाप असो, नाना ती परत देत नाहीत. नियमच आहे. शिक्का मारायचा, जप्त करायची, पावती द्यायची. एकदा एका भाजीवाल्या मावशी पाचशेची नोट गेली म्हणून काउंटरपाशी रडत बसल्या. नानांनी शिक्का मारला आणि खिशातून दुसरी पाचशेची काढून त्यांना दिली. पण शिक्का मारला. असा माणूस मला पस्तीस-चाळीस बनावट वाक्यं मोजून देतो आणि ती मी पुढे गावभर खपवत असताना समोर बसून भाकरी खातो!

हे सगळं मी त्यांना सुनावलं. नाना म्हणाले, "नोटेवर गव्हर्नराचं वचन छापलेलं असतं. पुस्तकावर असतं का?"

"वर्तमानपत्राच्या बातमीवर असतं, नाना. न छापता."

यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "जा, लाईन वाढलीय."

त्या दिवशी घरी जाताना मी फार खूष होतो. वादात नानांना गप्प करणं हे वानखेडेवर पहिल्या चेंडूला चौकार मारण्यासारखं आहे. माझा मुद्दा मला अजूनही बरोबर वाटतो. पुस्तक गोड आहे म्हणून सुचवावं, खरं आहे म्हणून सुचवावं, कशासाठीही सुचवावं. पण त्यात काय काय खोटं आहे हे आपल्याला ठाऊक असेल तर ते झाकून सुचवणं म्हणजे समोरच्याला न विचारता त्याला दुय्यम जामीनदार करणं. आणि ज्याच्या तोंडी ती वाक्यं घातली, त्याचं काय? रॉबिन्सन बिचारा जन्मभर घाम गाळून खेळला आणि लोकांच्या लक्षात राहिला तो त्याने न उच्चारलेल्या वाक्यांसाठी. मी इतका तात्त्विक झालो होतो की बस चुकली.

मग पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आलं.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, यांनी माझ्या लहानपणी मला एकच गोष्ट सांगितली. राजाराणीची नाही, भाऊसाहेब निंबाळकरांची. डिसेंबर १९४८, पुणं, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी, आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. नऊ धावा! अण्णा हे सांगताना त्यांच्या नाकपुड्या थरथरायच्या. कारण ते तिथे होते. नऊ वर्षांचे, कुंपणाशी बसलेले. निंबाळकरांनी मारलेला षटकार त्यांच्यापासून दोन हातांवर पडला, आणि तो चेंडू उचलून अण्णांनी मैदानात परत फेकला. 'शिवण उसवायला आली होती,' असं म्हणून ते आपला तळवा दाखवायचे. मीही तो तळवा पाहायचो. रेषांशिवाय त्यात काही नव्हतं, पण मला दिसायचं.

बारा वर्षांचा झाल्यावर मला शंका येऊ लागल्या. अण्णांनी एक शब्द न बोलता मला गावच्या वाचनालयात नेलं आणि मुखपृष्ठ गेलेलं, विक्रमांचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. "हे वाच." मी पान शोधलं. निंबाळकर नाबाद ४४३, भांडारकर २०५, दोघांची भागी ४५५, महाराष्ट्र ४ बाद ८२६. निंबाळकरांचे चौकार ४९, आणि षटकार? एक. एकच! थापा मारणाऱ्याने पाच तरी मारले असते. अण्णांनी जन्मात कधी दुसरा षटकार सांगितला नव्हता. माझ्या मनातला संशय त्या एका आकड्याने कायमचा गेला. क्रिकेटच्या पुस्तकांचं वेड लागलं ते तिथून. आकड्यांवरचा विश्वासही तिथूनच, आणि बँकेतली नोकरीही, म्हटलं तर.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ही गोष्ट मुलांना सांगितली. आत्या पान कुटत होती. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. नको ते मात्र स्वच्छ येतं.

"कोण, आपला अण्णा?" ती म्हणाली. "अरे, त्या थंडीत त्याला गालगुंडं झाली होती. तोंड भोपळ्याएवढं. आणि पुणं त्यानं पाहिलं कधी, तर माझ्या लग्नाच्या बस्त्याला. मॅट्रिक झाल्यावर."

सगळे हसले. मीही हसलो. हसायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी मी वाचनालयात गेलो. ते पुस्तक अजून तिथे आहे, वाळवीने थोडी चव घेतलेली. मागच्या चिठ्ठीवर तारखा आणि सभासद क्रमांक. आमचा क्रमांक मला पाठ आहे, त्यावर मी सगळं बालपण वाचलं. तो क्रमांक त्या चिठ्ठीवर माझ्या जन्माच्या आधी पाच वेळा होता. बाराव्या वर्षी हीच चिठ्ठी माझ्या हातात होती. पण त्या वयात आकडे कळतात, नोंदी कळत नाहीत.

गाडीत बसल्यावर मी दोन्ही खाती समोरासमोर मांडली. कार्डस मैदानावर हजर होता, वाक्यं बनावट. अण्णांचे आकडे चोख, हजेरी बनावट. म्हणजे एका चेकवर सही खरी आणि रक्कम खोटी, दुसऱ्यावर रक्कम खरी आणि सही खोटी. बँकेला विचाराल तर दोन्ही परत. आणि खोट्या सहीचा चेक वटवला तर भुर्दंड बँकेलाच. मला भुर्दंड काय पडला म्हणाल, तर तीस-पस्तीस वर्षं सुखाची गेली. तक्रार कुणाकडे करायची?

पण कोल्हापूरच्या बाजूला गाडी थांबली तेव्हा एक वेगळंच मनात आलं, आणि ते अजून जात नाही. निंबाळकर कोल्हापूरचेच, २०१२ मध्ये गेले ते तिथेच. तो एक षटकार तर खरा होता. मग तो चेंडू कुणीतरी उचलला असणार. समजा, खरोखरच एखाद्या पोराने उचलला असेल. तर तो आज पंचाऐंशीच्या पुढचा असेल, कुठल्याशा वाड्यात, फ्लॅटमध्ये बसून नातवंडांना सांगत असेल, आणि नातवंडं एकमेकांकडे बघून हसत असतील. त्याच्याजवळ पुस्तक नसेल. त्याला सगळ्याची खात्री असल्यामुळे पुस्तक पाच वेळा घरी न्यायची गरजच पडली नसेल. त्याचा चेंडू आमच्या घरात आहे.

नाना पुढच्या महिन्यात रिटायर होतात. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली आणि काहीच बोलले नाहीत. शिक्का मारायचा हक्क त्यांना होता. त्यांनी मारला नाही.

परवा लोनचा पोरगा टेबलापाशी आला. "सर, मुलीला शाळेत आजी-आजोबांच्या काळातली खरी घडलेली गोष्ट सांगायचीय. तुमच्या वडिलांची ती चेंडूची सांगू का? तिला फार आवडते. खरीच आहे ना ती?"

कार्डसवर नानांना सुनावलेलं सगळं भाषण माझ्या जिभेवर आलं. मी खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला.

"त्या डावात षटकार एकच होता," मी म्हणालो, "हे अगदी खरं आहे. पुस्तकात बघ."

"कुठलं पुस्तक, सर?"

त्याला वाचनालयाचं नाव लिहून दिलं. सभासद क्रमांक नाही दिला.