अंदाजपत्रकाचे मोल

घर बांधू इच्छिणारा मनुष्य मिस्त्रीला किंवा ठेकेदाराला जागेवर बोलावतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अंदाजे खर्च किती येईल?’ प्रश्न चार शब्दांचा. उत्तरामागे मात्र दोन-तीन दिवसांचे श्रम असतात. जमीन मुरमाची की काळ्या मातीची, हे पाहावे लागते. कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातील पायाचा हिशेब निराळा असतो. जोत्याची उंची, भिंतींची जाडी, स्लॅबचे क्षेत्रफळ यांवरून विटा, वाळू-खडीचे ब्रास, सिमेंटच्या पिशव्या आणि सळईचे वजन काढावे लागते. बाजारात दर विचारावे लागतात. एवढे करून तयार झालेला कागद मालक घडी घालून खिशात ठेवतो आणि ‘कळवतो’ म्हणतो. पुष्कळदा तो काहीच कळवत नाही. या कागदाचे मोल द्यावे की नाही, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

मोल देऊ नये असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. भाव विचारण्याचे पैसे कोणी देत नाही. परंतु दुकानातील वस्तूचा भाव गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ठरलेला असतो. घराचा भाव विचारण्यापूर्वी अस्तित्वातच नसतो. विचारणाऱ्यासाठी तो नव्याने निर्माण करावा लागतो. म्हणजे येथे भाव सांगणे हीच एक सेवा होय.

गावगाड्यात हा प्रश्न उद्भवत नव्हता. बलुतेदार सुताराला हंगामाला धान्याचे बलुते मिळे आणि त्याने दिलेला सल्ला, घेतलेले माप त्या वर्षभराच्या देण्यात जमा असे. ती व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे. जातीने बांधलेल्या त्या श्रमाला नकाराचे स्वातंत्र्य नव्हते. पण तेथील ‘फुकट’ माप हे एका टिकाऊ नात्याने आधीच फेडलेले असे. आज नाते संपले आणि फुकटाची अपेक्षा तेवढी उरली.

शिवाय हे फुकट खरोखर फुकट नसते. पाच ठिकाणी अंदाजपत्रक दिल्यावर ठेकेदाराला एक काम मिळत असेल, तर उरलेल्या चार ठिकाणचे श्रम त्याला कोठून तरी वसूल करावेच लागतात. ते त्या एका घराच्या बिलात शिरतात. म्हणजे ज्याने विश्वासाने काम दिले, तो चौघांच्या कुतूहलाची किंमत भरतो. ज्याला ती बिलात चढवता येत नाही, असा छोटा मिस्त्री स्वतःची झोप मोडून ती भरतो.

यात एक जुना भेदही लपलेला आहे. वास्तुशिल्पी किंवा अभियंता यांनी नकाशा व अंदाजपत्रक केले, तर त्यांची फी कोणाला खटकत नाही. तेच ज्ञान टेप घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडून आले की ते मोफत ठरते. लेखणीच्या श्रमाला मोल आणि हाताच्या श्रमाला केवळ मजुरी, ही समजूत समाजात खोल रुजली आहे. सरकारी बांधकामाची रीत येथे बोधप्रद आहे. तेथे सामान्यतः खातेच दरसूचीच्या आधारे अंदाजपत्रक करते आणि ठेकेदार त्यावर आपली निविदा भरतो. म्हणजे मोजमापाचा भार मालकच उचलतो.

कायद्यानेही ही सीमारेषा शोधली आहे. ‘विल्यम लेसी (हाउन्स्लो) विरुद्ध डेव्हिस’ या 1957 सालच्या इंग्लंडमधील खटल्यात, काम मिळणारच अशा विश्वासावर बांधकाम-संस्थेने युद्धात हानी झालेल्या इमारतीची अंदाजपत्रके मालकाच्या सांगण्यावरून पुनःपुन्हा केली. मालकाने त्यांचा नुकसानभरपाईच्या वाटाघाटींत उपयोग केला आणि नंतर इमारत विकून टाकली. साधी निविदा ठेकेदार स्वतःच्या जोखमीवर भरतो, हे मान्य करूनही न्यायालयाने या जादा श्रमांचा वाजवी मोबदला देवविला. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 70 मागचे तत्त्व याच जातीचे आहे : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ जो घेतो, त्याने भरपाई करावी.

तरीही प्रत्येक अंदाजपत्रकाला फी लावावी, हे उत्तर पुरे नाही. आयुष्याची पुंजी एका घरात घालणाऱ्या माणसाला तुलना करण्याचा अधिकार आहे. दर चौकशीला पैसे पडू लागले तर तो पहिल्याच ठेकेदाराच्या हाती सापडेल. नव्या, अनोळखी मिस्त्रीला तर कोणी विचारणारच नाही. शिवाय अंदाजपत्रक हे ठेकेदाराच्या स्वार्थाचेही साधन असते. काम मिळवण्यासाठीच तो ते करतो, आणि आकडा मुद्दाम कमी दाखवून नंतर वाढवणारेही असतात. चुकीच्या अंदाजाची जबाबदारी न घेता त्याचे मोल मागणे हेही अन्यायाचेच.

म्हणून भेद करावा लागतो तो किंमत आणि ज्ञान यांत. चौरस फुटाचा ढोबळ दर सांगणे ही किंमत. ती विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. तपशीलवार मोजमाप-पत्रक हे ज्ञान; ते मागताना त्याचे मोल आधी बोलून ठरवावे, आणि काम दिल्यास ती रक्कम बिलातून वजा व्हावी. मोल घेणाऱ्याने आकड्यांशी बांधील राहावे. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून दर पाडणे, ही मात्र कोणत्याही हिशेबात न बसणारी गोष्ट होय. कारण तेथे श्रम करणाऱ्याचे श्रम त्याच्याच विरुद्ध वापरले जातात.

पैसे देण्याची ऐपत प्रत्येकाची नसेल. पण काम कोणाला दिले हे कळवण्याला पैसे लागत नाहीत. ‘कळवतो’ हा शब्द देणाऱ्याने तो पाळला, तरी वाट पाहणाऱ्या मिस्त्रीचे अर्धे देणे फिटते. पाया खणण्यापूर्वीच घराची काही नीती ठरून जाते, ती अशी.