दुसऱ्याच्या शरीरातून मिळालेले ज्ञान कोणाचे?

प्रभूने आपल्या भयभीत शिष्यांना धीर देताना चिमण्यांची व मस्तकावरील केसांची गोष्ट काढली, हे आपण उपासनेत पुष्कळ वेळा ऐकले आहे. जी वस्तू मनुष्य कंगव्यातून काढून सहज फेकून देतो तिचीही नोंद देवापाशी आहे, असा त्या शिकवणीचा भाव. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ह्याच केसांच्या निमित्ताने एक असा प्रश्न उभा राहिला की, ज्याचा विचार प्रत्येक मंडळीने व प्रत्येक उपदेशकाने केला पाहिजे.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ ह्या दोन महिन्यांत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम डोक्यास खाज सुटे, मग ओढताच केस मुठीत येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालेल्या आकड्याप्रमाणे १८ गावांतील २७९ माणसांस हा उपद्रव झाला, व त्यांत तरुण मुली पुष्कळ होत्या. कित्येकांनी लाजेने उरलेले केसही काढून टाकले. हा संसर्ग आहे की काय, अशा भीतीने लोक त्यांच्यापासून दूर राहू लागले.

मग तपासणी करणारे आले. विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी नेण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी येऊन रक्ताचे व इतर नमुने नेले. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले व महाड येथे विंचूदंशावरील संशोधनाने प्रसिद्धीस आलेले डॉक्टर हिम्मतराव बावस्कर ह्यांनीही आपल्या परीने शोध केला. त्यांनी असे मांडले की, ह्या लोकांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम नावाचे मूलद्रव्य फार वाढलेले असून जस्त कमी झाले आहे. आणि स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या पंजाबकडील गव्हात ते सेलेनियम स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट आहे. पंजाबातील होशियारपूर व नवाशहर ह्या भागांतील काही जमिनींत हे द्रव्य अधिक असते, ही गोष्ट कृषिशास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक आहे. डॉक्टर बावस्करांचे अनुमान हाच शेवटचा शब्द आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांनी आपल्याला जे आढळले ते लोकांसमोर ठेविले. परिषदेच्या तपासाचा अहवाल मात्र शासनाकडे गेला, पण गावापुढे आला नाही, अशी तक्रार २०२५ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून होत राहिली.

येथेच आपला प्रश्न उत्पन्न होतो. एका शेतमजूर बाईने आपला दंड पुढे केला व रक्त दिले. ते रक्त प्रयोगशाळेत गेले आणि तेथे त्याचे ज्ञान झाले. हे ज्ञान कोणाचे? तिचे, शास्त्रज्ञाचे, की सरकारचे?

कोणी म्हणेल, "रक्ताच्या थेंबात ज्ञान नव्हते. ते विद्वानाच्या श्रमाने व यंत्राने निर्माण झाले, म्हणून ते त्याचे." ह्या म्हणण्यात काही सत्य आहे. परंतु आपल्या वऱ्हाडातील बटईची रीत आठवून पाहा. जमीन एकाची, राबणे दुसऱ्याचे. ज्याने राबून पीक काढले त्याचा हक्क कोणी नाकारीत नाही. तरी खळ्यावर रास पडली म्हणजे ती दोघांच्या देखत मोजली जाते. राबणाऱ्याने रात्रीतून रास उचलून नेली, तर सारा गाव त्यास दोष देईल. शरीर ही जमीन आहे व विद्वानाची विद्या हे श्रम आहेत. शिवाय ज्वारी वाटली तर तितकी कमी होते. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. म्हणून धान्याचा वाटा अडवून ठेवणाऱ्यापेक्षा ज्ञानाचा वाटा अडवून ठेवणाऱ्यास सबब कमी उरते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कारण संशोधन कोणत्या वाटेने जावे व त्याचे फळ कोणाच्या दारी पोहोचावे, हे पुष्कळ अंशी कायदाच ठरवितो. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा करण्यात आला. तो मूळचा अवघ्या चार कलमांचा. माणसांची तपासणी करण्याचा व त्यांस वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला, आणि त्या कायद्याखाली काम करणारास संरक्षण दिले. परंतु ज्याची तपासणी झाली त्यास तिचे फळ सांगण्याचे कर्तव्य त्यात घातले नाही. पुढे काळ बदलला. २०१७ साली संशोधन परिषदेनेच मानवी संशोधनासाठी नीतिनियम प्रसिद्ध केले. त्यांत समजावून घेतलेली संमती, पारदर्शकता, व संशोधनाचा लाभ त्या समाजास मिळणे ही तत्त्वे आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली नियम झाले व अपाय झाल्यास भरपाईही ठरली. तरी साथीचा तपास कोठे संपतो व संशोधन कोठे सुरू होते, ही सीमा स्पष्ट नाही. आणि जेथे सीमा स्पष्ट नसते, तेथे घेण्याचा नियम बळकट राहतो आणि परत देण्याचा नियम दुबळा होतो.

ह्यावर अधिकारीवर्गाकडून तीन आक्षेप येऊ शकतात, व ते तुच्छ नाहीत. अपुरी माहिती बाहेर गेली तर लोक घाबरतील. घाबरून गरिबांनी रेशनचे धान्यच टाकले तर उपासमार होईल. आणि रोग्यांची नावे उघड होतील. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे: नावे झाका, निष्कर्ष उघडा. पहिल्या दोहोंसाठी आपण शास्त्राकडे जाऊ.

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात डोक्यावरील चट्ट्याविषयी नियम आहे. याजकाने तो पाहावा. संशय असल्यास सात दिवस थांबावे. पुन्हा पाहून आणखी सात दिवस थांबावे. म्हणजे घाईने निकाल देऊ नये, हे मोशेच्या नियमशास्त्रासही मान्य आहे. परंतु त्या थांबण्याला मुदत आहे, आणि मुदतीच्या शेवटी याजकाने आपला निर्णय बोलून दाखवावयाचा आहे. आपल्यास काय दिसले ते त्याने मनात ठेवून घरी जावे, अशी मोकळीक त्यास नाही. दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात गिलगाल येथील हंड्याची गोष्ट आहे. दुष्काळात कोणी अजाणता रानवेलीची फळे त्यात चिरून टाकिली, आणि खाणाऱ्यांस चव लागताच त्यांनी ओरड केली. कोणते फळ, किती विष, ह्याचा शोध होईपर्यंत ते गप्प राहिले नाहीत. आणि अलीशाने त्यांस उपाशी उठविले नाही. त्याने पीठ मागवून तेच अन्न खाण्यायोग्य केले. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. निर्णयास वेळ लागो, इशाऱ्यास लागू नये. आणि इशारा देणाऱ्याने त्याबरोबर भाकरीचीही सोय करावी. अशी सोय केली म्हणजे भीतीचे व उपासमारीचे कारण बहुतेक नाहीसे होते.

दुसरी बाजू पैशाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबास धान्याचा हक्क दिला, व जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळू लागले. हा मोठा उपकार आहे. परंतु फुकट धान्य घेणारा आपला गहू निवडू शकत नाही. सरकारी खरेदीत ओलावा, कचरा, फुटका व किडका दाणा पाहतात. दाण्यात मुरलेले मूलद्रव्य अशा पाहणीत दिसत नाही. ज्याला निवड नाही, त्याच्यासाठी निवडणाराने दुप्पट डोळे उघडे ठेविले पाहिजेत. डॉक्टर बावस्करांनी तपासणीसाठी पदरचे सुमारे ९२,००० रुपये खर्च केल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचा मोठेपणा आपण मानू. पण एका मनुष्याची थैली उघडली म्हणून सत्याचा शोध लागावा, ही राज्यव्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे. लेवीयाच्याच चौदाव्या अध्यायात, शुद्ध ठरणारा मनुष्य गरीब असेल तर त्याच्या अर्पणाचे ओझे हलके केले आहे. तपासणी व तिचा निर्णय गरिबाच्या आवाक्याबाहेर जाऊ नये, हा त्यातला हेतू उघड आहे.

तर मग आपले कर्तव्य काय? पहिले हे की, ज्या बहिणीचे केस गेले तिला उपासनेत आपल्याजवळ बसवावे. त्याच तेराव्या अध्यायात, ज्याचे केस नुसते गळाले आहेत तो शुद्ध आहे, असे ठरविले आहे. जिला नियमशास्त्र दूर करीत नाही, तिला मंडळीने दूर करू नये. दुसरे, रक्त देण्यास नकार देऊ नये. शोध झालाच पाहिजे. तो न झाल्यास उद्या आपलीच लेकरे भोगतील. परंतु अंगठा उठविण्यापूर्वी विचारावे, "हे कशासाठी नेता? ह्याचे उत्तर आम्हांस कोण व कधी सांगेल?" तिसरे, ज्या उपदेशकास लिहिता येते त्याने गावाच्या वतीने लिहावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या कागदावर अर्ज करता येतो. फी १० रुपये, व दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास तीही माफ. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे, आणि जिवाचा प्रश्न असल्यास ४८ तासांची. हा अर्ज म्हणजे बंडखोरी नव्हे. आपली रास मोजून दाखवा, एवढेच त्यात मागणे आहे.

अधिकाऱ्यांस आपण शत्रू समजू नये. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, कारण त्यांच्या हाती आपल्या शरीराचे गुपित आहे. परंतु दिवा मापाखाली ठेवू नये असे प्रभूने शिकविले, आणि ती शिकवण केवळ धर्मज्ञानापुरती नाही. गरिबाच्या रक्तातून पेटलेला दिवा प्रथम त्या गरिबाच्या घरात उजेड देवो. जो देव मस्तकावरील केसाचा हिशेब ठेवितो, तो ह्या उजेडाचाही हिशेब मागेल.