आधी उजेड, मग निवाडा

कॅमेऱ्याला डाळिंब दिसत नाही. डाळिंबावर पडून परतलेला उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. फळाची प्रतवारी करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीच्या आधी एवढं मनाशी पक्कं करावं.

आटपाडीच्या माळावर पाऊस बेताचा. घरातलं लग्न, पोरांचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज, सगळं डाळिंबाच्या बागेच्या एका बहारावर उभं असतं. सौद्यात क्रेट उघडला की डागी फळाचा दर कोसळतो. सालीवरचा ठिपका ओळखणं हे तिथे कुणाच्या तरी वर्षाचा निकाल लावणं आहे.

माणसाचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो. सकाळच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, रात्री ट्यूबखाली, ‘भगवा’ वाणाचं डाळिंब त्याला तांबडंच वाटतं. कॅमेऱ्याच्या लेखी ती तीन फळं. लाल, हिरव्या, निळ्याचे ० ते २५५ मधले आकडे तो लिहून ठेवतो. त्यांत फळ किती आणि ऊन किती, हे एकात एक मिसळलेलं असतं. म्हणून फळाशेजारी एक पांढरं कार्ड ठेवावं. कार्डावर कोणता रंग चढला ते कळलं, की फळावरूनही तो उतरवता येतो.

कॅमेऱ्याला मनाने उजेड कमी-जास्त करू देऊ नये. गडद फळ आलं की तो चित्र उजळतो, फिकं आलं की मंद करतो. हेतू चांगला, पण दोन फळांना दोन मापं लागतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम ठेवावेत.

चोकवाली ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. वेगवान शटर मात्र त्यात सापडतं. शटरची वेळ एक शतांश सेकंदाच्या पटीत ठेवली, की प्रत्येक चित्राच्या वाट्याला सारखाच उजेड येतो.

तिन्ही रंगांत २५५ ला टेकलेला बिंदू मुका असतो. तिथे साल होती की डाग, हे पुढची कोणतीही आकडेमोड सांगू शकत नाही. अंधारलेला भाग उजळता येतो, पण मग त्यातले खोटे दाणेही उजळतात. जे टिपलंच गेलं नाही ते प्रोग्रॅमने भरून काढलं, तर तो अंदाज. अंदाजावर कुणाचा माल बाद करू नये.

तेल्या रोगाचा कोवळा डाग ओलसर, तेलकट दिसतो. पुढे तो काळपट होऊन चिरतो. निरोगी सालीवर दिव्याची चकाकीही असाच ठिपका उमटवते. पोलरायझर लावला तर चकाकी जाते, आणि कोवळ्या तेल्याची तेलकट झाकही तिच्याबरोबर जाते. अडचण म्हणून आपण जे पुसतो, त्यात पुरावाही असतो.

जाणता बागायतदार फळ बोटांत धरून फिरवतो. फळाबरोबर सरकतो तो डाग. जागीच राहते ती चकाकी. यंत्रानेही फळ रुळांवर गोल फिरू द्यावं, सगळ्या बाजूंची चित्रं घ्यावीत, मग निकाल द्यावा.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात औंध संस्थानाने कैद्यांना उंच भिंतींविना, शेतीच्या कामावर ठेवलं. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. शिक्का बसलेल्याकडे पुन्हा एकदा पाहण्याची हिंमत या मुलखाने माणसांच्या बाबतीत दाखवली आहे; फळाच्या बाबतीतही तीच हवी.

निकाल चुकला की आपण मॉडेल बदलतो, आणखी चित्रं गोळा करतो. आधी दिवा तपासावा. बाद ठरवलेल्या चांगल्या फळाची किंमत प्रोग्रॅम लिहिणारा भरत नाही. ती बाग राखणाऱ्याच्या सौद्याच्या पट्टीतून वजा होते.